पडद्यावरची आई आणि घरातली सासू



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी मला वाटेत गाठून विचारले, "इतिहासाच्या नावाखाली हे काय आणलेत?" त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली जी व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यात दूरचित्रवाणीवर सासू होऊन लोकांना हसविणाऱ्या एका नटीच्या चरित्राला एक संध्याकाळ द्यावी काय, ही शंका पुणेकराच्या मनात यायचीच. माझे म्हणणे एवढेच, की याच रानड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८४ साली मुलींसाठी एक शाळा काढली. पेशव्यांच्या घोड्यांची जिथे पागा होती तिथे ती भरू लागली आणि जागेचेच नाव तिला चिकटले. त्या हुजूरपागेतून डॉक्टरणी निघाल्या, शिक्षिका निघाल्या, समाजकार्यकर्त्या निघाल्या. त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्याच शाळेत शिकलेली नयन भडभडे नावाची एक मुलगी पुढे रीमा लागू या नावाने साऱ्या हिंदुस्थानच्या घराघरांत गेली. शाळा काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे फळ असेल असे नाही. पण झाडाला लागलेली सगळीच फळे मोजावीत. काही तेवढी टोपलीत घालून बाकीची पाचोळ्यात टाकू नयेत.

नयनचा जन्म २१ जून १९५८चा. आई मंदाकिनी भडभडे या स्वतः रंगभूमीवरच्या नटी. वसंत कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली' या नाटकातले त्यांचे काम जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. मूल नसलेल्या जोडप्याची व्यथा कानेटकरांनी हसतखेळत, गाण्याबजावण्यात मांडली, हे त्या नाटकाचे वैशिष्ट्य. दुःखाच्या गोष्टीवर हसता येते, आणि तसे हसल्याने दुःखाची अवहेलना होत नाही, हा धडा या मुलीच्या घरातच होता. आईची मुलगी म्हणून तिला रंगभूमी परकी नव्हती. शाळकरी वयापासूनच तिच्या अंगातला हा गुण दिसू लागला होता.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. आपल्या रंगभूमीवर स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी, ही गोष्ट फार जुनी नाही. बालगंधर्वांच्या काळात पुण्यातल्या सुना-लेकी साडी कशी नेसावी आणि अंबाडा कसा घालावा हे एका पुरुषाकडे पाहून शिकल्या, हे सांगताना आपल्याला आज गंमत वाटते. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढून धाडस केले, आणि १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन घरातल्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. येथून पुढे वाट मोकळी झाली असे आपली नाट्येतिहासाची पुस्तके सांगतात. वाट मोकळी झाली हे खरे, पण कशाची? गाण्याची, रडण्याची, त्यागाची, फार तर बाणेदारपणाची. विनोद बराच काळ पुरुषाकडेच राहिला. बाळकराम पुरुष, बंडूनाना पुरुष, चिमणराव आणि गुंड्याभाऊ तर पुरुषच. घरची बाई हे विनोदाचे निमित्त असे. विनोद करणारी ती नसे.

याचे कारण स्त्रियांना विनोद कळत नाही हे नव्हे. असे म्हणणाऱ्याने एकदा लग्नघरी पापड लाटायला बसलेल्या बायकांच्या घोळक्याबाहेर अर्धा तास उभे राहावे. खरे कारण प्रतिष्ठेचे आहे. रडणाऱ्या नटीबद्दल प्रेक्षकाला आदर वाटतो. हसविणारीबद्दल त्याला सलगी वाटू लागते. नुकतीच रंगभूमीवर आलेली कुलीन स्त्री ती सलगी पत्करायला कशी धजणार? हा संकोच पुरता जायला दोन पिढ्या लागल्या. रीमा लागू त्यानंतरच्या. त्यांना तो संकोच वारशाने मिळाला नाही, कारण त्यांच्या आईनेच तो ओलांडला होता.

शाळा संपवून त्या पुढे मुंबईकर झाल्या. १९७८ साली नट विवेक लागू यांच्याशी विवाह झाला, आणि नयनची रीमा झाली. १९७९पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी युनियन बँक ऑफ इंडियात नोकरी केली. दिवसा बँक आणि रात्री नाटक हा मराठी रंगभूमीचा तेव्हाचा नेहमीचा संसार. मुंबई-पुण्याच्या बँका, टपालखाते, आयुर्विमा यांनी किती नटांना पोसले याचा हिशेब कुणी मांडला, तर राजाश्रयाच्या जुन्या कथा फिक्या पडतील. बँकांच्या आपापसांतल्या नाट्यस्पर्धा चुरशीच्या होत असत, आणि त्यांतही या बाई भाग घेत. ही दहा वर्षे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांनी जी मध्यमवर्गी गृहिणी इतक्या खरेपणाने उभी केली, ती काही पुस्तकात वाचून केलेली नव्हती. महिनाअखेरचा पैसा, गाडीची वेळ आणि घरी तापलेले मूल यांची एकाच वेळी चिंता करणाऱ्या बायकांच्या शेजारच्या टेबलाशी त्या बसल्या होत्या.

रंगभूमीवर त्यांचे नाव झाले ते मात्र विनोदाने नव्हे. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये त्यांनी केलेली अंबिका ही सत्तेने माजलेल्या गुलाबरावाने उद्ध्वस्त केलेली आणि तरी न मोडलेली शिक्षिका. दिग्दर्शन विजया मेहतांचे आणि समोर नाना पाटेकर. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ते नाट्यगृहातून बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नव्हते, एवढे मला आठवते. पाठोपाठ शेखर ताम्हाणे यांचे 'सविता दामोदर परांजपे' आले. एका सुस्थित संसारात शिरलेल्या भयाची ती गोष्ट. अशा भूमिकांत नटीच्या आवाजाची, श्वासाची, नुसत्या मान वळविण्याची कसोटी लागते. विनोदी नटीच्या चरित्रात या गंभीर नाटकांचे काय काम, असे कुणी म्हणेल. पण ज्याला शोकाच्या प्रसंगी नेमके कुठे थांबावे हे कळते, त्यालाच हशाच्या प्रसंगी कुठे थांबू नये हे कळते. दोन्हीचे गणित वेळेचेच आहे.

सिनेमाचे प्रकरण मला थोडक्यात सांगायचे आहे, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १९७९चा जब्बार पटेलांचा 'सिंहासन', मग गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आणि श्याम बेनेगलांचा 'कलयुग' या चांगल्या चित्रपटांत लहान भूमिका. १९८८ साली 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुही चावलाची आई झाल्या, १९८९च्या शेवटी 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई झाल्या, आणि त्यानंतर हिंदी चित्रपटाने त्यांना आईपदावरून उठूच दिले नाही. आता जरा जन्मसाले मांडून पाहा. आई १९५८ची. जुही १९६७ची, सलमान १९६५चा. पुढे १९९९ साली महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मध्ये संजय दत्त त्यांचा मुलगा झाला, तो १९५९चा! पोटच्या पोराला गोळी घालून त्याची यातनांतून सुटका करणारी ती आई पाहताना कुणालाही हा एका वर्षाचा हिशेब आठवला नाही, ही अभिनयाची ताकद. पण तिशीतल्या बाईला आई करून ठेवायचे आणि तिच्याच वयाच्या पुरुषाला बागेत नायिकेमागे पळवायचे, ही धंद्याची रीत काही त्या ताकदीमुळे शहाणपणाची ठरत नाही. साहाय्यक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरसाठी त्यांचे नाव चार वेळा पुढे आले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही.

हिंदी चित्रपटात मराठी बायकांनी दोन खुर्च्या पूर्वीच पटकावल्या होत्या. एक आईची, ती सुलोचनाबाईंची. दुसरी सासूची, ती ललिता पवारांची. एकीकडे सोशिकपणा आणि मायेने भिजलेला आवाज, दुसरीकडे बारीक झालेला डोळा आणि धारदार जीभ. ललिताबाईंचा तो डोळा चित्रीकरणात बसलेल्या थपडेने कायमचा अधू झाला होता, आणि त्या अपघाताचेच त्यांनी भांडवल केले. 'अनाडी'तल्या मिसेस डिसांसारख्या भूमिकेत या बाई किती गोड हसवू शकतात हे लोकांनी १९५९ साली पाहिले. तरी धंद्याने त्यांना सासूच्या खुर्चीतच डांबले, आणि १९८७ साली 'रामायण' मालिका आली तेव्हाही त्यांच्या वाट्याला मंथराच आली. म्हणजे पोक्त बाईला पडद्यावर दोनच जागा: देवघरातली किंवा चुलीमागची. यांच्यामध्ये जे आख्खे घर पसरलेले असते, जिथे बाई एकाच दिवसात तीनदा रागावते, दोनदा हसते, एकदा खोटे बोलते आणि रात्री सर्वांच्या अंगावर पांघरूण घालते, ते घर मोकळेच राहिले होते.

रीमा लागूंना सिनेमाने सुलोचनाबाईंची खुर्ची दिली. ते मोकळे घर त्यांना दूरचित्रवाणीने दिले. माझा आजचा विषय खरा येथून सुरू होतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, आणि १९७३मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. तानाजीच्या गडावर मनोरा उभा राहिला याचे तेव्हा कुणी दुःख केले, कुणी कौतुक. वाड्यात एखाद्याच्या घरी संच असे. संध्याकाळी त्या खोलीत वीस-पंचवीस माणसे, दारात चपलांचा ढीग, आणि घरमालकिणीच्या कपाळावर आठ्या. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने त्या संचात अवतरले, तेव्हा आमच्या वाड्यातल्या आठ्याही गेल्या. १९८२मध्ये रंग आले. १९८४मध्ये 'हमलोग' आणि 'ये जो है ज़िंदगी' आले, आणि आठवड्याला एक भाग ही सवय देशाला लागली. रीमा लागू १९८५च्या 'खानदान'मध्ये दिसल्या. मग १९९३ साली दूरदर्शनने मेट्रो वाहिनी करमणुकीसाठी मोकळी केली. खासगी वाहिन्या दार ठोठावीत होत्या, त्यांना तोंड द्यायचे तर लोकांना हसविणे भाग होते. 'ज़बान संभालके'मध्ये शुभा खोटे पुन्हा दिसल्या. १९५५च्या 'सीमा'मधली सायकलवरची ही मुलगी. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे.

१९९४ हे वर्ष नीट पाहण्यासारखे आहे. त्या ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' लागला. त्यात रीमा लागू माधुरी दीक्षितची आई: शालीन, भरजरी, कुणालाही वावगे न बोलणारी. आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर त्यांच्या दोन मालिका सुरू झाल्या, 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं'. चित्रपटगृहात जी आई डोळे पुसत होती, ती घरच्या संचात शेजाऱ्याची खोड मोडीत होती आणि सुनेशी हुज्जत घालीत होती. प्रेक्षकाला यात विसंगती वाटली नाही. आपल्या आयांना आपण दोन्ही करताना पाहिलेलेच असते.

'श्रीमान श्रीमती' ही अधिकारी बंधूंची निर्मिती, राजन वाघधरे यांचे दिग्दर्शन, आणि लेखणी अशोक पाटोळे या मुरलेल्या मराठी नाटककाराची. गोष्ट जगातली सर्वांत जुनी: शेजारच्या ताटातला लाडू मोठा दिसतो. केशव कुलकर्णीला शेजारची सिनेनटी प्रेमा शालिनी आवडते. तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा कुलकर्ण्यांच्या कोकीवर भाळलेला. जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग या तिघांच्या भूमिका रंगाने भडक होत्या. अशा चौकडीत चौथ्याने काय करावे? नवशिक्या नटाने आणखी भडक केले असते. रीमा लागूंनी कोकीला सरळ ठेवले. तिच्या घरात काय चालले आहे ते तिला कळत नाही असे नवऱ्याला वाटते. तिला किती कळते ते प्रेक्षकाला तिच्या डोळ्यांत दिसते, पण पुरते नाही. ही अर्धवट कळलेली गोष्ट सारी मालिकाभर तोलून धरायची म्हणजे हातात काठोकाठ भरलेला पेला घेऊन जिने चढायचे. आणि प्रत्यक्षात चित्रपटांतली नामांकित नटी होती ती कोकी. पडद्यावर मात्र नटी दुसरीच, आणि ही वरणाला फोडणी देणारी. या उलटापालटीची मौज त्यांना स्वतःला वाटत असावी असे त्यांच्या कामाकडे पाहून मला नेहमी वाटे.

यात एक अडचण आहे, ती नाटकवाल्यांनाच कळेल. नाटकात हशा समोरून येतो. नट तो येऊ देतो, चढू देतो, आणि पुरता विरायच्या आत पुढचे वाक्य उचलतो. लवकर उचलले तर ते हशात बुडते, उशिरा उचलले तर प्रेक्षक गार पडतो. भरत नाट्य मंदिरात एक हशा मिळतो तिथे बालगंधर्वला दुसरा, आणि मुरलेला नट पहिल्या पाच मिनिटांत त्या रात्रीचे माप घेतो. दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणात समोर कुणीच नसते. दिवे, यंत्रे, आणि डबा उघडून बसलेला एखादा कामगार. हशा मागाहून ध्वनिफितीवरून चिकटवतात. म्हणजे न झालेल्या हशासाठी थांबायचे, तेही एवढेच की संकलकाला तो जिथे बसवायचा तिथे बरोबर बसेल. ज्यांना रंगभूमी माहीत नव्हती असे नट या जागी चाचपडत. त्यांचे वाक्य एकीकडे आणि यंत्रातला हशा भलतीकडे. रीमा लागूंच्या बाबतीत तसे क्वचित होई. त्यांच्या कानात नाट्यगृह होते.

'तू तू मैं मैं' सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केली. सासू देवकी रीमा लागू, सून राधा सुप्रिया पिळगांवकर, सासरे कुलदीप पवार, मुलगा महेश ठाकूर. आडनाव वर्मा आणि भाषा हिंदी. पण ते घर दादरच्या एखाद्या चाळीतून उचलून आणले आहे हे मराठी माणसाला पहिल्याच भागात कळत असे. पदर खोचण्याची पद्धत, भांडे आपटण्यातला आवाजाचा नेमका दर्जा, आणि "मला काय करायचंय" या आविर्भावाने मान वळवून पुन्हा हळूच कानोसा घेणे, हे काही उत्तरेकडचे नव्हे. सासूसून यांच्या वयात खरोखरीचे अंतर नऊ वर्षांचे. पुन्हा तोच जन्मसालांचा खेळ! पण इथे त्याचा उपयोगच झाला. दोघी तोडीस तोड दिसत. दुबळ्या म्हातारीला छळणारी सून किंवा गरीब गाईला मारणारी सासू असे दृश्य झालेच नाही. भांडण बरोबरीचे असेल तरच त्यावर हसता येते. नाहीतर हसणाऱ्याची लाज वाटते.

माझ्या परिचयाच्या एक विदुषी आहेत. स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्या मला एकदा फणकाऱ्याने म्हणाल्या, "सासूसुनेच्या भांडणाची देशभर चेष्टा मांडली, याचं तुम्हाला कौतुक! या भांडणापायी किती सुना जळल्या, ते आम्ही पाहिलंय." त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही आणि तुम्हीही नेऊ नये. ज्या काळात स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून रोज वाचायच्या, त्या काळापासून ही मालिका फार दूर नव्हती. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज मला असे वाटते, की जाच आणि भांडण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जाचात एकजण बोलतो आणि दुसरा गप्प असतो. भांडणात दोघांना जीभ असते. जात्यावरच्या ओव्यांतली सून सासूविरुद्ध जे बोलली, ते जात्याला सांगितले, सासूला नव्हे. तोंडावर बोलायची तिला सोय नव्हती. राधा तोंडावर बोलते. आणि देवकीला तिचे उत्तर ऐकून घ्यावे लागते, ती ऐकते, आणि इथेच रीमा लागूंचे खरे काम आहे. सून बोलत असताना सासूच्या चेहऱ्यावर काय चालते ते पाहा: संताप, मग "वाक्य बरे जमले हो" अशी एक निमिषभराची पसंती, मग ती पसंती लपविण्याची धडपड. ती पसंती दिसली नसती, तर माझ्या विदुषी मैत्रिणीचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरला असता. त्यांचा आक्षेप पुरता खोडला गेला असे मात्र मी म्हणत नाही. भांडणाऱ्या दोघी आणि मध्ये बिचारे दोन पुरुष, ही मांडणी पुरुषांना फार सोयीची होती. घरातली सत्ता मुळात कुणाच्या हाती आहे हा प्रश्न त्या मालिकेने विचारला नाही.

चित्रपटात दुय्यम ठरलेली नटी घरच्या छोट्या पडद्यावर मोठी होते, हे केवळ आपल्याकडे घडले नाही. अमेरिकेत ल्यूसिल बॉल या नटीने चित्रपटांत वर्षानुवर्षे काम केले, पण पहिल्या रांगेत तिला कुणी बसविले नाही. १९५१ साली, वयाच्या चाळिशीत, ती 'आय लव्ह ल्यूसी' या मालिकेत एक खटपटी गृहिणी झाली आणि सारा देश सोमवारी संध्याकाळी घरी बसू लागला. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण केले, म्हणजे हशा खरा आला; आणि ते चित्रपटाच्या फितीवर केले, म्हणजे ते टिकले. आमच्या दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चुंबकीय फीत महाग, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची रीत होती. किती नटनट्यांची कामे अशी पुसली गेली! शिलालेख फोडून पायरीला लावणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, हेही तसेच. १९९४च्या मालिका पुष्कळशा वाचल्या, ते सुदैव.

'तू तू मैं मैं' पुढे मेट्रोवरून स्टार प्लसवर गेली आणि २००० साली संपली. त्याच वर्षी, ३ जुलैला, त्याच वाहिनीवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने या दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे ही आपली म्हण. सासूसुनेच्या हशाचेही असे चार दिवस होते, ते संपले. त्यानंतर सासू आणि सून या विषयातून विनोद हद्दपार झाला. दागिन्यांनी मढलेल्या बायका, दिवाणखान्यात कारस्थाने, एकाच चेहऱ्यावर तीनदा फिरणारा कॅमेरा, आणि मागे ढगांचा गडगडाट. स्वयंपाकघर नाहीसे झाले. ज्या बाईला देवकीने चुलीमागून काढून घरात आणले, ती पुन्हा देवघरात तरी बसली किंवा विषाची पुडी घेऊन जिन्याखाली तरी उभी राहिली. सुलोचनाबाईंची आणि ललिताबाईंची खुर्ची, पुन्हा दोनच. आणि यावेळी त्या खुर्च्यांत त्या दोघींच्या तोलाचे कुणी नव्हते.

रीमा लागूंचे त्यानंतरचे काम थांबले नाही. मराठी चित्रपट केले, नाटके केली, २०१३ साली 'तुझं माझं जमेना' या मराठी मालिकेत पुन्हा एकदा सुनेशी खटके उडविले. पण काळ बदलला होता. शेवटची मालिका 'नामकरण'. तिच्यात त्या दयावंती मेहता नावाची कठोर, करारी बाई होत्या. म्हणजे अखेरीस ललिता पवारांची खुर्चीही त्यांच्याकडे आलीच. १७ मे २०१७ला संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या मालिकेचे चित्रीकरण केले. १८ मेच्या पहाटे हृदयक्रिया बंद पडून मुंबईत त्यांचे निधन झाले. साठी गाठायलाही वर्ष शिल्लक होते. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी 'पडद्यावरची आई गेली' अशा अर्थाचे मथळे दिले. कोकी आणि देवकी यांची नावे बातमीत खाली कुठेतरी होती. त्यांची मुलगी मृण्मयी लेखनाकडे वळली. २०२०च्या 'थप्पड' या चित्रपटाच्या कथालेखनात तिचा वाटा आहे. नवऱ्याने मारलेली एकच थप्पड निमूटपणे न गिळणाऱ्या गृहिणीची ती गोष्ट. आजी 'लेकुरे'त, आई 'पुरुष'मध्ये आणि 'तू तू मैं मैं'मध्ये, नात 'थप्पड'मध्ये: तिन्ही ठिकाणी घर तेच आहे, त्यात बोलणारी बाई निराळी.

२०२०च्या एप्रिलमध्ये साथीमुळे सारा देश दाराला कड्या लावून बसला होता. लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारी कुत्रे निवांत झोपलेले आम्ही खिडकीतून पाहिले. त्या दिवसांत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखविल्या, त्यांत 'श्रीमान श्रीमती' होती. जतीन कनाकिया १९९९ सालीच गेले होते, रीमा लागूंना जाऊन तीन वर्षे होत आली होती. माझी नात तेव्हा अकरा वर्षांची. तिला ही माणसे कोण ते ठाऊक नव्हते, आणि मीही सांगितले नाही. केशव काहीतरी थाप मारीत होता आणि कोकी पाठमोरी उभी होती. ती हळूच वळली. यंत्रातला हशा यायच्या आधी माझी नात हसली.